व्हीसी फंडात (व्हेंचर कॅपिटल, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे लावणारा फंड) कामाला जायला आधी स्वतःची कंपनी काढावीच लागते का? वाणी कोलांचं कसं झालं? (प्रश्न लातूरच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीचा)

काढावीच लागते असं नाही ताई, पण कलारी कॅपिटल हा व्हीसी फंड चालवणाऱ्या वाणी कोलांचं तसंच झालं, आधी स्वतः कंपन्या उभ्या केल्या आणि मग इन्व्हेस्टर झाल्या. त्या आपल्या शेजारच्या हैदराबादच्या, उस्मानियातून इंजिनिअरिंग केलं, मग ॲरिझोना स्टेटला मास्टर्स, नोकरी केली आणि १९९६ ला सिलिकॉन व्हॅलीत राइटवर्क्स काढली, म्हणजे कंपन्यांची खरेदी ऑनलाइन करायचं सॉफ्टवेअर, ती पुढं आयटू टेक्नॉलॉजीजनं घेतली, मग सर्टस नावाची दुसरी कंपनी काढली तीपण विकली गेली, आणि २००६ ला भारतात येऊन इंटेलच्या पेंटियम चिपवर काम केलेले इंजिनिअर विनोद धाम यांच्यासोबत फंड सुरू केला. तोच पुढं कलारी कॅपिटल झाला, मिंत्रा, स्नॅपडील, ड्रीम११ मध्ये या फंडाचे पैसे होते. मी संभाजीनगरला नवीन स्टार्टअपवाल्यांसोबतच काम करतो, तिथं रोज दिसतं की ज्यानं स्वतः पगार वेळेवर करायची धडपड केलीय त्याचं फाउंडर लोक लवकर ऐकतात, आणि फंडात पैसा दुसऱ्यांचा असतो, साधारण दहा वर्षांसाठी लावलेला, त्यामुळं माणूस पारखता येणं लई महत्त्वाचं. फक्त एक, त्यांची पहिली कंपनी डॉटकॉमच्या, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेल्या इंटरनेट कंपन्यांच्या तेजीत वाढली, तो काळ आता नाही, म्हणून त्यांच्या पायऱ्या जशाच्या तशा धरू नका. आज बरेच जण सीए, एमबीए किंवा एखाद्या स्टार्टअपमधल्या नोकरीनंतर ॲनालिस्ट म्हणून, म्हणजे पैसे लावण्याआधी कंपन्या तपासायच्या कामावर, आत जातात. तुम्ही आधी संभाजीनगरच्या मॅजिक इनक्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणाऱ्या संस्थेत, जाऊन तिथल्या फाउंडरना भेटा.