पानं लक्षात ठेवणं ही चोरी आहे का?

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीत नोकरी करतो. सुट्टीत लास वेगासला ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा जुगार खेळताना कॅसिनोच्या माणसाने येऊन त्याला हा खेळ बंद करायला सांगितलं. तो निघालेली पानं मनात मोजत होता. हा गुन्हा आहे का? बहीण फार घाबरली आहे. – एक मामा, सातारा

उत्तर : मामा, आधी बहिणीला फोन करा. मुलाने चोरी केलेली नाही.

मेंढीकोट खेळताना किती दश्श्या गेल्या हे तुम्ही लक्षात ठेवताच ना? हे त्यातलंच. दुर्री ते छक्की निघाली की एक मिळवायचा. दश्शी, चित्र किंवा एक्का निघाला की एक वजा. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायची. काल जेवणाच्या टेबलावर मी कॅट उघडला : पंजी, तिर्री, राजा, छक्की, नव्वी. बेरीज दोन. म्हणजे लहान पानं जास्त गेली, मोठी मागे उरली; आणि मोठी पानं खेळणाऱ्याच्या फायद्याची. अशी बेरीज चढली की पैसे वाढवून लावायचे. एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकांनी 1962 मध्ये पुस्तक लिहून हे मोजणं सगळ्यांपुढे ठेवलं. मी 35 वर्षं गणित शिकवलं; डोकं वापरण्याला लबाडी म्हणणं मला जमणार नाही.

लास वेगास ज्या नेवाडा राज्यात आहे, तिथला कायदाही तसं म्हणत नाही. मात्र फोन किंवा एखादं यंत्र वापरून मोजलं तर तो गंभीर गुन्हा आहे. शिवाय कॅसिनो ही खासगी जागा, त्यामुळे ते कुणालाही उठवू शकतात. बजावल्यावरही परत गेलं तर घुसखोरी ठरते. न्यू जर्सीत उलट आहे. केन युस्टन नावाचा खेळाडू कोर्टात गेला आणि 1982 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की निव्वळ मोजतो म्हणून कॅसिनोला स्वतःच्या मर्जीने कुणाला बाहेर काढता येणार नाही. म्हणून न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीचे कॅसिनो पत्ते मधेच पुन्हा पिसतात, नाहीतर लावायच्या रकमेवर मर्यादा घालतात.

मला हा अन्यायच वाटतो. दारूच्या नशेत हरणाऱ्याला बसू देतात, लक्ष देऊन खेळणाऱ्याला उठवतात.

तरी भाच्याला सांगा : उठ म्हटलं की वाद न घालता चिप्सचे (पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचे) पैसे घ्यायचे आणि निघायचं. नीट मोजूनही फायदा साधारण शंभरामागे एखादाच, तोही लांबच्या हिशेबात. मधे महिनोन्महिने हरणं येतं. तो कोणत्या पैशांनी खेळतो, एवढं बहिणीला विचारायला सांगा. घरभाड्याचे असतील तर मला लगेच पुन्हा लिहा.