पांदण, पन्नी आणि फाट्यावरची पाटी

प्रश्न : आमच्या ग्रामसभेनं गावचे रस्ते आणि स्वच्छता यांसाठी नऊ जणांची समिती नेमली. मी तिच्यात आहे. अधिकार काही नाहीत, फक्त सुचवायचं. दर बैठकीत त्याच तीन गोष्टी निघतात. शेताकडं जाणारी गाडीवाट, म्हणजे पांदण, दोन्ही बाजूंनी नांगरत आणल्यामुळं बैलबंडी जात नाही. फाट्यावर प्लास्टिकच्या पन्न्या आणि बाटल्या यांचा खच असतो. आणि गावाच्या नावाची पाटी वर्षभरापासून आडवी पडली आहे. चार अर्ज दिले, एकाचंही उत्तर नाही. काय करावं?
– एक वाचक भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, चारही अर्ज कुणाच्या नावानं गेले ते तुम्ही लिहिलं नाही. तिन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहून तहसीलदारांना दिल्या असाव्यात, असं मला वाटतं. मी सरपंच झाले तेव्हा पहिली दोन वर्षं हेच केलं होतं. पांदण, फाटा आणि पाटी यांचं दार वेगवेगळं आहे. एकत्र अर्ज गेला की तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आणि शेवटी कुणाचाच राहत नाही.

आधी पांदण, कारण पेरणीच्या दिवसांत तीच जीव घेते. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत काढा. जुने रस्ते त्यात तुटक रेषांनी दाखवलेले असतात. आपल्या विदर्भात निस्तार पत्रक (सरकारी पडीक जमिनीवरच्या गावच्या हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज हेही कागद आहेत. खासगी जमिनीतून जाण्यायेण्याची गावची वहिवाट वाजिब-उल-अर्जात लिहिलेली सापडते. तलाठ्यांकडं तोही मागा.

मग पांदण चालून पाहा, पण उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे कापसाचा हंगाम संपून रान मोकळं असताना. आम्ही मे महिन्यात सकाळी सहाला निघालो. सोबत नकाशा, टेप आणि ऐंशी वर्षांचे एक आजोबा. एका बोराटीच्या झुडपापाशी ते थांबले आणि काठीनं माती उकरू लागले. वीतभर काळ्या मातीखाली हद्दीचा दगड निघाला, एका कडेला चुन्याचा पांढरा डाग अजून होता. म्हणाले, "इथून दोन बंड्या आमनेसामने जात होत्या बाई, माह्या बापाच्या काळात." टेप लावली तर उरली होती सात फूट. शेजारचा शेतकरी धुऱ्यावर उभा राहून सगळं पाहत होता. दगड डोळ्यांनी दिसल्यावर त्यानं त्याच हंगामात आपला धुरा मागं घेतला. कुणी त्याला एक शब्द बोललं नव्हतं.

समोरच्यानं मात्र काटेरी कुंपण घातलं. इथं माझ्या हातून चूक झाली, ती तुमच्या हातून होऊ नये. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार वहिवाटीच्या रस्त्यावरचा अडथळा काढायला लावू शकतात, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. आम्ही समजूत घालण्यात आठ महिने घालवले आणि दावा मुदतबाह्य ठरला. दोन पावसाळे बायांनी डोक्यावरून खताची चुंगडी नेली, गुडघाभर चिखलातून. म्हणून समजूत घालत राहा, पण अडथळ्याची तारीख पहिल्याच दिवशी समितीच्या वहीत लिहा. ग्रामपंचायतीलाही स्वतःच्या अधिनियमाच्या कलम ५३ खाली सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण काढता येतं. आम्ही शेवटी त्याच वाटेनं गेलो. ज्याला शेतात जायला रस्ताच नाही, त्यानं जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागायचा, ते प्रकरण निराळं. पांदण मोकळी झाली की शासनाच्या पाणंद रस्ते योजनेतून खडीकरणाचा ठराव घ्या आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत रस्त्याची नोंद मागा.

आता फाटा. तिथल्या पन्न्या बहुतेक खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पुड्यांच्या असणार. आमच्या समितीच्या बायांनी एका सकाळी निंबाखालून दोन चुंगड्या भरून पन्न्या वेचल्या आणि त्या पानठेल्यासमोर नेऊन ठेवल्या. भांडायला नव्हे, दाखवायला. त्याच महिन्यात पोट फुगून एक गाय गेली होती, ती ठेलेवाल्याच्या चुलत्याचीच होती. त्यानं दुसऱ्या दिवशी ठेल्याला रिकामा डबा बांधला. तो उचलायचा कुणी, हे ठरवायला समितीला दोन बैठका लागल्या. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा जो निधी येतो त्यात स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे दुसरीकडं न वळवता येणारा हिस्सा असतो, त्यातून काय खर्च झालं हे ग्रामसभेत विचारा.

बाटल्या मात्र वेगळ्या काढा, ताई. दारूच्या आणि फवारणीच्या एकत्र करू नका. २०१७ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. लाल त्रिकोणाची, म्हणजे अतिविषारी औषधाची बाटली नाल्यात पडलेली दिसली की माझ्या पोटात गोळा येतो, कारण तशाच बाटलीत पाणी भरून शेतात नेणारी पोरं मी पाहिली आहेत. बाटली तीनदा विसळायची, ते पाणी फवारणीच्या टाकीतच घालायचं, मग तिला भोकं पाडून वस्तीपासून आणि पाण्यापासून दूर पुरायची. हे कृषी सहायकाकडून गावात एकदा करवून दाखवा. मुलांना त्या बाटल्या वेचायला कधीही लावू नका.

पाटीचं म्हणाल तर माझ्या सुनेच्या बाळंतपणाच्या रात्री १०८ ची गाडी आमचा फाटा सोडून पुढं निघून गेली. पाटी होती, पण तिच्या खांबाला वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला होता. मुलगा टॉर्च घेऊन फाट्यावर धावला, तोवर चाळीस मिनिटं गेली. नातू सुखरूप आहे. दुसऱ्या दिवशी तो फ्लेक्स मी स्वतः कोयत्यानं उतरवला, आणि तेव्हापासून आमच्या समितीचं दर अमावास्येचं काम ठरलं : रात्री फाट्यावर मोटारसायकल लावायची आणि दिव्याच्या उजेडात पाटी वाचता येते का ते बघायचं.

अर्ज करण्याआधी रस्ता कुणाचा ते शोधा. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. नारिंगी असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडं असतात. अर्जात दगडावरचा किलोमीटरचा आकडा लिहा, आडव्या पाटीचा फोटो लावा, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. फाट्याजवळ गतिरोधक असेल तर त्याच्या आधीच्या त्रिकोणी पाटीचंही त्याच अर्जात लिहा.

तुमच्या पाटीजवळच्या दगडाचा रंग आणि त्यावरचा आकडा मला कळवा. अर्जाचा मसुदा मी लिहून पाठवते.