वाचकांचे प्रश्न : बेटावर लपलेला फौजी खरा वाटेल का?

प्रश्न : नमस्कार, मी एक थ्रिलर कादंबरी लिहितोय. हिरो माजी सैनिक आहे, खुनाच्या खोट्या केसमध्ये अडकतो, पळून एका बेटावर जातो आणि तिथे पाच वर्षं लपून राहतो. ज्यांना वाचायला दिली ते सगळे म्हणतायत की एवढ्याशा जागेत माणूस सापडणारच. प्लॉट बदलू का? कमांडो ट्रेनिंगच्या फ्लॅशबॅकचे तीन चॅप्टरही झालेत.

उत्तर : प्लॉटला हात लावू नका हो, पाच वर्षं म्हणजे काहीच नाही! जपानी लेफ्टनंट हिरू ओनोदा डिसेंबर १९४४ मध्ये फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर गेला तो मार्च १९७४ मध्ये बाहेर आला, आणि बेट केवढं, तर जेमतेम २५ किलोमीटर लांब. तो कायद्यापासून पळत नव्हता हे खरं, त्याच्या मते दुसरं महायुद्ध अजून चालूच होतं, पण गावकऱ्यांचं धान्य चोरणं, गायी मारणं, माणसं मारणं हे सगळं केल्यावर पोलीस मागे लागायचे ते लागलेच. (त्याला नुसता हिरो करून सांगतात ते मला पटत नाही, लुबांगच्या लोकांना विचारा म्हणावं.)

म्हणजे लपणं जमतं, प्रश्न रोजच्या जगण्याचा आहे आणि वाचक तिथेच पकडतात. मीठ कुठून आणतो, धूर कसा लपवतो, दाढ दुखली तर काय करतो? पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर १९७२ साली सापडलेला दुसरा जपानी सैनिक शोइची योकोई बघा, २८ वर्षं लपला, जमिनीखाली खोदलेल्या बिळात राहायचा आणि झाडाच्या सालीचे धागे काढून कपडे विणायचा, कारण सैन्यात जायच्या आधी तो शिंपी होता. पकडला गेला तो नदीवर कोळंबी धरायला गेला तेव्हा, म्हणजे पोटामुळेच. तुमचा हिरो फौजेत जायच्या आधी काय करायचा ते ठरवलंय का? तेच त्याला तारेल, कमांडो ट्रेनिंगपेक्षा जास्त.

आणि आता मेन गोष्ट. ओनोदा शोधपथकांना सापडला नाही, पत्रकं टाकली, नातेवाईक आणले, त्याला सगळा शत्रूचा डाव वाटला. शेवटी नोरिओ सुझुकी नावाचा एक भटक्या तरुण एकटाच तिथे तंबू ठोकून बसला आणि ओनोदा स्वतःहून त्याच्यासमोर आला, तरी शरण जाणार नाही म्हणाला, वरिष्ठांचा हुकूम पाहिजे. मग त्याचा जुना वरिष्ठ मेजर तानिगुची, जो तोवर पुस्तकं विकत होता, त्याला जपानहून आणलं, त्याने हुकूम वाचून दाखवला तेव्हा रायफल खाली आली. एक गोळी सुटली नाही, तरी कसला सीन आहे! तुमचा हिरो कोणाच्या शब्दावर बाहेर येईल ते आधी ठरवा, त्या माणसाला पहिल्या चॅप्टरपासून गोष्टीत ठेवा.

फ्लॅशबॅकचे तीन चॅप्टर मात्र कापा, एक पुरे, तोही छोटा.