'पोर्टल हायपरटेन्शन'ला मराठीत काय म्हणायचं?

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सात वर्षांच्या भाच्याच्या केसपेपरवर 'पोर्टल हायपरटेन्शन' लिहून आलंय. एवढ्याशा पोराला बीपी कसा? आजीनं तर त्याच्या वरणातलं मीठसुद्धा बंद केलंय.

ताई, हा बीपी नव्हे. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो दाब वेगळा. हा त्या पट्ट्याला कळतच नाही. 'पोर्टल' आलं लॅटिन 'पोर्टा'वरून, म्हणजे दार. आतडी आणि प्लीहेकडचं रक्त घेऊन यकृताच्या दारातून आत जाणारी मोठी शीर, तिच्यातला हा दाब. 'द्वारशिरेचा अतिदाब' असा शब्द घडवता येईल, पण घरात तो कुणाला कळणार? मी 'यकृताकडे जाणारी शीर तुंबलीय' असंच म्हणेन. 'दाब' म्हटलं की लोक मीठ तोडतात. 'तुंबणं' मात्र मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही. हिंदमाताला पाणी तुंबलं की ते गल्लीबोळांत घुसतं. तसं हे रक्त अन्ननलिकेच्या बारीक शिरांत घुसतं, त्या फुगतात, आणि एखादी फुटली की पोराला रक्ताची उलटी होते किंवा डांबरासारखी काळी शी होते.

माझ्या पुतणीच्या वेळी डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे पेनानं यकृत काढलं आणि दाराबाहेर, शिरेवर, फुली मारली. "यकृत चांगलंय, गुठळी इथे आहे." आपल्याकडच्या मुलांत असं बरंच आढळतं. काहींचं मूळ मात्र यकृतातच असतं. डॉपलर सोनोग्राफीत अडथळा दिसतो, दुर्बिणीतून फुगलेल्या शिरा दिसतात आणि तिथेच रबरी कडी घालून त्या बांधतात. काही मुलांना रक्ताला नवी वाट करून देणारं ऑपरेशन लागतं.

कधी प्रोप्रॅनोलॉल देतात. दुकानदार म्हणेल, "ही बीपीची गोळी." गोळी तीच, पण इथे ती या शिरेतला दाब उतरवायला असते. मिठाचंही तसंच: पोटात पाणी झालं, म्हणजे जलोदर असला, तर डॉक्टर ते कमी करायला सांगतात. तसं सांगितलं नसेल तर विचारून घ्या, पोराला उगाच अळणी जेवू घालू नका.

आजींना "पाणथरी वाढलीय" म्हणून सांगा. प्लीहेचा हा जुना शब्द त्यांना नक्की ठाऊक असेल, आणि रक्त तुंबलं की तीही वाढते. एवढं मात्र घरात सगळ्यांना बजावा: ताप आला तरी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मनानं द्यायचं नाही, आणि उलटीत रक्त दिसलं तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं.