व्हिनियरची चित्रं आणि कोल्हापूरचा पावसाळा: वाचकांचे प्रश्न

पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर यायच्या आधीच माझ्याकडे बाक आलेल्या चित्रांचे फोटो यायला लागतात. व्हिनियर म्हणजे लाकडाचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा. तो कापून, जुळवून केलेल्या चित्राला आपल्याकडचे चार महिने सोसत नाहीत, अशी समजूत पसरली आहे. ती खोटी आहे, म्हणून यंदा काही प्रश्न एकत्र घेतले.

प्रश्न: हे काम आणि म्हैसूरचं शिसवी जडावकाम एकच का?

नाही. जडावकामात फळीत खाच कोरून तीत तुकडा बसवतात. इथे पापुद्रे शेजारी शेजारी जुळवून अख्खं चित्र पाटावर चिकटवतात.

प्रश्न: शेवटचा पॉलिश पेपर मशीनने मारला तर चालेल?

नको. पापुद्रा झिजून खालचा प्लाय दिसायला वेळ लागत नाही. हाताने, ठोकळ्यावर बारीक पेपर गुंडाळून मारा.

प्रश्न: दिवाळीत 2 फूट बाय दीड फुटाचं अंबाबाईचं चित्र केलं. 6 मिलिमीटरचा प्लाय, पुढून मेलामाइन पॉलिश. जुलैत कडा पुढे आल्या, मध्ये खोलगट झालं. मिस्त्री म्हणतात, उन्हात ठेवून वर पाटा ठेवा.

पाटा ठेवू नका आणि ऊन तर अजिबात दाखवू नका. उन्हाने पापुद्रा तडकतो, पाट्याने सांधे उघडतात, आणि पाटा उचलला की बाक परत येतो.

तुम्ही पाठीबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नाही. पाठ उघडी ठेवलीत, असं मी धरून चालतो. नव्वद टक्के काळजी चेहऱ्याच्या छटांची आणि पाठीला नुसता प्लाय, हे मी वर्षानुवर्षं बघतोय आणि दर वेळी वाईट वाटतं. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि रेषेच्या, म्हणजे त्याच्या तंतूंच्या, आडव्या दिशेने फुगतं. लांबीत जवळजवळ नाहीच. पुढून मेलामाइनने तोंड बंद, मागून प्लाय ओलावा पीत राहिला. पाठ फुगली, चेहरा तेवढाच राहिला, म्हणून कडा पुढे. त्यात पांढऱ्या गोंदात पाणी असतं. चिकटवताना पापुद्रा ते पिऊन ताणतो आणि वाळताना आकसून पाटाला आपल्याकडे ओढतो. म्हणजे बाकाची सुरुवात दिवाळीतच झाली होती, पावसाने ती दाखवली.

पुढचं चित्र करताना पाठीलाही पापुद्रा लावा. स्वस्तातला चालेल, पण जाडी तेवढीच, रेषा त्याच दिशेला, गोंद तोच, आणि दोन्ही बाजू एकाच वेळी दाबात. पार्श्वभूमीच्या पापुद्र्याची रेषा प्लायच्या वरच्या थराला आडवी येऊ द्या. पुढे पॉलिशचे जितके हात, तितके मागे. कडासुद्धा सोडू नका. टांगताना खालच्या कोपऱ्यांना रबरी बटणं लावा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात वारा खेळेल. पश्चिमेची भिंत पावसाचा मारा खाते, तिच्यावर टांगूच नका.

या चित्राला मात्र आत्ता हात लावू नका. दोन्ही बाजूंना वारा लागेल असं खोलीत उभं ठेवा. दिवाळीनंतर किती सरळ होतंय ते बघा आणि मगच जाणत्या कारागिराला दाखवून पाठीचं काय करायचं ते ठरवा.

प्रश्न: प्रदर्शनात 'हस्तकला' म्हणून घेतलेल्या मोराच्या दोन चित्रांत रेषा हुबेहूब सारख्या आहेत. असं होतं का?

एकाच ओंडक्याचे लागोपाठ काढलेले पापुद्रे बरेचसे सारखे दिसतात, म्हणून नुसत्या रेषांवरून ठरवू नका. भिंगातून बघा. छटेत ठिपके दिसले तर ती छापील आहे. खरी छटा पापुद्र्याची कड गरम वाळूत बुडवून येते आणि हळूहळू विरत जाते. सांध्यांवर सगळीकडे सारखी जळकी तपकिरी रेघ असेल तर तुकडे लेझरने कापलेत. लेझर वापरणं हा गुन्हा नाही. हाताने कापलं म्हणून दुप्पट पैसे घेणं ही लबाडी आहे. रंगवलेले थर दाबून बनवलेलं रेकॉन व्हिनियरही 'नैसर्गिक शिसम' म्हणून गळ्यात मारतात. पुढच्या वेळी बिलावर लाकडाचं नाव लिहून मागा आणि मोठी रक्कम देण्याआधी जाणकाराला दाखवा.

प्रश्न: आजोबांचं जुनं चित्र 2021 च्या पुरात भिजलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलंय. आता काही होईल?

एवढी वर्षं प्लास्टिकमध्ये का ठेवलंत? ओलावा आत कोंडला की बुरशीला आयतं घर मिळतं. आज उतरवा, तोंडाला मास्क लावून उघडा, सावलीत आडवं ठेवा. जुन्या कामात बहुधा सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला गोंद, वापरलेला असतो. पाण्याने तो सुटतो, पण नव्याने लावताही येतो, म्हणून आशा आहे. निखळलेला प्रत्येक तुकडा पाकिटात घालून कुठला ते लिहा. चिमटीएवढाही फेकू नका. ब्लीच, खोबरेल, इस्त्री यांतलं काहीही न करता दुरुस्ती करणाऱ्याकडे याच आठवड्यात न्या.

प्रश्न: शिसव घासताना मनगटावर पुरळ येतं. हळद लावली तर थांबेल?

घासणं थांबवा आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. शिसवाच्या धुळीची अॅलर्जी अनेकांना होते. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत गणली गेली आहे, तेव्हा मास्क सगळ्यांनीच लावायचा. जाताना त्या लाकडाचा तुकडा बंद पिशवीत घालून सोबत न्या.