'फाशीवाद'चा फाशीशी संबंध आहे का?

प्रश्न असा आहे : 'फॅसिझम'ला काही जण 'फाशीवाद' लिहितात, तर त्याचा फाशीशी काही संबंध आहे का? आणि सरळ 'हुकूमशाही' म्हटलं तर काय बिघडलं?

फाशीशी संबंध नाही. आपली फाशी 'फास'वरून आली, दोराच्या. इटालियन मूळ शब्द 'फाशो', म्हणजे जुडी, मोळी. योगायोग असा की त्याचं अनेकवचन उच्चारात अगदी 'फाशी' होतं! आपल्या 'फॅसिझम'मधला 'फॅ' इंग्रजीतून आला आणि 'स' बहुधा इंग्रजी स्पेलिंग वाचून. मुळात तिथे 'श'च आहे. तरीही मी 'फाशीवाद' लिहीत नाही. मराठी कानाला त्यात गळफास ऐकू येतो आणि मोळी हरवते.

ती मोळी महत्त्वाची आहे. प्राचीन रोममध्ये अधिकाऱ्यांपुढे चालणारे सेवक छड्यांची मोळी खांद्यावर घेत, तिच्यात कुऱ्हाड खोचलेली असे. छड्या फटक्यांसाठी, कुऱ्हाड शिरच्छेदासाठी. पण आधुनिक इटालियनमध्ये 'फाशो'चा साधा राजकीय अर्थ होता एकजूट. 1890 नंतर सिसिलीत गंधकाच्या खाणीतले मजूर आणि कुळं यांनी आपल्या संघटनांना हेच नाव दिलं होतं, आणि ते समाजवादी होते. सरकारने 1894 मध्ये लष्कर घालून त्यांना मोडून काढलं. म्हणजे हा शब्द आधी गरिबांचा होता, हे मला फार लागतं.

23 मार्च 1919 ला मिलानमध्ये मुसोलिनीने आपल्या लढाऊ 'फाशीं'ची स्थापना केली, तेव्हाही शब्दाला आजचा अर्थ चिकटला नव्हता. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मिलानसारख्या शहरात त्याच्या यादीला पाच हजारही मतं पडली नाहीत. अर्थ बदलला तो उत्तर इटलीत, पो नदीच्या खोऱ्यात. तिथे शेतमजुरांच्या संघटना इतक्या बळकट होत्या की कुणाला कामावर घ्यायचं हे त्या ठरवत. 1920 च्या हिवाळ्यापासून मुसोलिनीच्या अनुयायांच्या, काळ्या शर्टातल्या टोळ्या ट्रकमधून गावोगावी जाऊ लागल्या. पैसा बऱ्याच ठिकाणी जमीनदारांचा, आणि पोलीस बघून न बघितल्यासारखे. मजुरांची कचेरी जाळायची, पुढाऱ्याला घरातून ओढून दांडक्याने बदडायचं आणि जबरदस्तीने एरंडेल पाजायचं. आमच्या लहानपणी आजी चमचाभर एरंडेल द्यायची तरी दिवसभर पोट धरून बसावं लागे. इथे बाटलीच्या बाटली घशात ओतत. घाव जिवाइतकाच अब्रूवर होता. चार लोकांत ज्याचे कपडे खराब झाले, तो पुन्हा सभेत उभा राहणार कसा? काहींचा त्यात जीवही गेला.

1920 सरेपर्यंत जेमतेम 20 हजारांच्या आसपास असलेली या 'फाशीं'ची सभासदसंख्या 1921 च्या मध्यापर्यंत दोन लाखांच्या घरात पोचली. मे 1921 मध्ये जोलित्तीसारख्या मुरलेल्या उदारमतवादी पंतप्रधानाने त्यांना आपल्या आघाडीत घेतलं आणि त्यांचे 35 जण संसदेत आले. सत्तेत बसवलं की माणसाळतील, हा जोलित्तीचा हिशेब होता.

म्हणून 'हुकूमशाही' चालत नाही. हुकूमशहाला खुर्ची लागते. मुसोलिनीला ती ऑक्टोबर 1922 मध्ये मिळाली, आणि उघड हुकूमशाही सुरू झाली जानेवारी 1925 मध्ये. पण पो खोऱ्यातल्या फेरारा-बोलोन्याच्या मजुरांना फॅसिझम म्हणजे काय ते 1921 मध्येच अंगावर कळलं होतं, तेव्हा देशात संसद होती, वर्तमानपत्रं होती, निवडणुका होत होत्या. फॅसिझम ही आधी रस्त्यावरची चळवळ आहे, राज्यपद्धती नंतर. उलट, कित्येक लष्करशहांच्या मागे अशी चळवळ नसते. त्यांना हुकूमशहाच म्हणावं.

तेव्हा 'फॅसिझम' किंवा 'फॅशिझम', दोन्ही लिहा. 'फॅसिस्टवाद' मात्र टाळा, त्यात अनुयायाला पुन्हा 'वाद' जोडला जातो.