मेंदोसाहून सांतियागोला जाताना

अर्जेंटिनातील मेंदोसाहून अँडीज पर्वत ओलांडून चिलीतील सांतियागोला बसने जाणार असाल, तर दोन्हीकडे भाषा स्पॅनिश असली तरी रीतीभातीही एकच असतील असे गृहीत धरू नका. अर्जेंटिनात रात्रीचे जेवण सहसा ९ नंतरच होते, तर चिलीत पुष्कळ घरांत संध्याकाळी चहा, पाव आणि अॅव्होकाडो यांवरच भागवतात. अर्जेंटिनात कोणी ‘माते’ हा यर्बा नावाच्या पानांचा गरम, चहासारखा काढा पुढे केला, तर सर्वांनी एकाच नळीने पिण्याची ती पद्धत, उष्ट्याखरकट्याचे संस्कार झालेल्या आपल्याला, खरे सांगायचे तर, अवघडच वाटते. सौम्यपणे नकार दिल्यास सहसा कोणी रागावत नाही. परंतु घेतलाच, तर नळीने ढवळू नये, पात्र पूर्ण रिकामे करूनच ओतणाऱ्याकडे परत द्यावे आणि आभार शेवटीच मानावेत, कारण ते आधी मानल्यास तुम्हाला पुढची फेरी नको, असे समजले जाते. प्रवासातली फळे मात्र सीमेपूर्वीच संपवा; चिलीच्या तपासणीत जाहीर न केलेल्या एका सफरचंदासाठीही दंड होऊ शकतो. तिथल्या उपाहारगृहांत बिलावर सुचवलेली १० टक्के बक्षिशी ऐच्छिक असते, पण माझ्या मते ती द्यावी.